वैमानिकाची दाढी: सुरक्षेचा नियम की दिसण्याचा?

वैशाली_डोंबिवली

माझा भाचा एका विमान कंपनीत को-पायलट आहे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कृपया विचारूही नका. त्याचे केस राठ आणि कुरळे. रोज ब्लेड फिरवलं की कापलेला केस कातडीच्या आतच वळतो, मग मानेवर आणि हनुवटीखाली पुरळ उठतं, त्यात पू धरतो. कॉलेजात असताना तो ट्रिमरने दाढी बारीक ठेवायचा, तेव्हा काही त्रास नव्हता. आता कंपनीचा नियम असा की मिशी चालेल, दाढी नाही. ड्युटीवर येताना चेहरा गुळगुळीत हवा. त्याच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला आतून रक्ताचे बारीक ठिपके असतात. बहीण रोज रात्री कॉलरला साबण चोळून शर्ट भिजत घालते.

त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की ब्लेड लावू नका, दोन-तीन मिलिमीटर केस राहू द्या. वरिष्ठांनी कागद पाहिला आणि म्हणाले, हा सुरक्षेचा नियम आहे, दाढीवर ऑक्सिजन मास्क बसत नाही. त्याच आठवड्यात तो ज्या कॅप्टनबरोबर उडाला ते सरदारजी होते. पूर्ण दाढी, व्यवस्थित बांधलेली.

शीख वैमानिकांच्या दाढीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगते. माझा प्रश्न एवढाच आहे की त्यांचा मास्क बसतो, तर माझ्या भाच्याचा का नाही बसणार? सुरक्षेचा नियम असेल तर चाचणी घेऊन दाखवा. दिसण्याचा नियम असेल तर तसं लिहा. मग नुसतं दिसण्यासाठी एखाद्याने रोज मान सोलून घ्यायची का, यावर बोलता तरी येईल.

इथे विमानक्षेत्रातली मंडळी आहेत. जाणकारांनी सांगावं.

मारुत_नाशिक

वैशालीताई, हवाई दलात तंत्रज्ञ होतो. ऑक्सिजनची उपकरणं तपासण्यातच बरीच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रवासी विमान पस्तीस हजार फुटांवर असताना केबिनमधला दाब अचानक गेला, तर माणसाला शुद्धीत राहून काही उपयोगाचं करायला साधारण ३० सेकंद ते एक मिनिट मिळतं. पंचवीस हजारावर तीन ते पाच मिनिटं. म्हणून कॉकपिटमधला मास्क एका हाताने, ५ सेकंदांत चढवता आला पाहिजे असा नियम आहे. तो प्रवाशांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या पिवळ्या कपासारखा नसतो. गालावर, नाकाच्या हाडावर आणि हनुवटीखाली रबराची कड घट्ट बसावी लागते. कडेखाली केस आले की फट राहते.

दुसरी गोष्ट धुराची. दाब गेला तर विमान झपाट्याने खाली आणता येतं, दहा हजार फुटांवर मास्क काढला तरी चालतं. पण कॉकपिटमध्ये धूर झाला तर उतरेपर्यंत मास्कच्याच आधाराने श्वास घ्यायचा असतो. तिथे फट महागात पडते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये दाढी आणि ऑक्सिजन मास्क याच विषयावर परिपत्रक काढलं होतं. दाढीमुळे मास्कची कार्यक्षमता घटते आणि केस जितके जास्त तितकी घट जास्त, असा त्याचा आशय. तुमच्या भाच्याचे वरिष्ठ हवेतलं बोलत नाहीत.

पेठकरी

मारुतसाहेब, वैमानिकांचे वरिष्ठ हवेतलं बोलणार नाहीत तर कोण बोलणार? :)

सुमेधा_के

ताई, भाच्याला लेझरचा सल्ला दिला का कोणी? माझ्या दिराला हाच त्रास होता. मानेवरचे केस लेझरने विरळ केल्यावर पुष्कळ फरक पडला. खर्चिक आहे आणि बऱ्याचदा जावं लागतं, पण विचारून बघा.

स्पष्टवक्ता

एक कळत नाही. नोकरी घेताना नियम माहीत होता ना? सही केली ना? मग आता रडारड कशाला? वैमानिक म्हटला की शिस्त आली. मी प्रवासी म्हणून विमानात चढतो तेव्हा कॉकपिटच्या दारातला माणूस टापटीप दिसला की मला बरं वाटतं. दाढी वाढलेला, शर्ट चुरगळलेला माणूस बघून माझ्या आईने तर विमानातून उतरायचंच म्हटलं असतं.

वैशाली_डोंबिवली

स्पष्टवक्ता, चुरगळलेल्या शर्टाबद्दल मी कुठे बोलले? तीन मिलिमीटर कापलेली दाढी आणि गबाळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही केली म्हणून नियमाबद्दल विचारायचंही नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडे नोकरदारांना जे काही हक्क मिळाले ते सही केलेल्या लोकांनीच विचारून मिळवले.

मारुतकाका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. फट राहते हे पटलं. पण मग सरदारजींचं काय?

बर्नबीकर

मी व्हँकुव्हरच्या शेजारी बर्नबीत राहतो. इथल्याच सायमन फ्रेझर विद्यापीठात या प्रश्नावर प्रयोग झाला, म्हणून लिहायला बसलो.

एअर कॅनडाच्या वैमानिकांनाही पूर्वी दाढीची बंदी होती. मग हे काम विद्यापीठाकडे आलं. त्यांच्याकडे हवेचा दाब कमी करता येणारी बंद खोली आहे, म्हणजे उंचीवरची परिस्थिती जमिनीवर तयार करता येते. थोडी, मध्यम आणि लांब दाढी असलेल्या लोकांना वैमानिकांचे मास्क लावून आत बसवलं आणि रक्तातला ऑक्सिजन मोजला. दाढीच्या लांबीमुळे घातक असा फरक आढळला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात एअर कॅनडाने नियम बदलला आणि साडेबारा मिलिमीटरपर्यंतची दाढी चालेल असं ठरवलं.

१९८७ चे मास्क आणि आजचे मास्क यांतही फरक आहे. आजच्या मास्कना हवेने फुगणारा पट्टा असतो, तो डोक्याभोवती चांगलाच आवळतो. शिवाय आतून दाबाने ऑक्सिजन सोडायची सोय असते, म्हणजे फट असलीच तरी धूर आत येण्याऐवजी ऑक्सिजन बाहेर जातो.

मारुत_नाशिक

बर्नबीकर, प्रयोगाची माहिती होती, तुम्ही नीट मांडलीत. माझं म्हणणं इतकंच की ऑक्सिजन बाहेर गळतो म्हणजे बाटली लवकर संपते. कॉकपिटचा साठा मोजका असतो. महासागरावर असाल तर तो हिशेब करावाच लागतो.

बर्नबीकर

हिशेब करा ना! मी तेच म्हणतोय. किती गळतो ते मोजा, त्यावरून लांबी ठरवा. एअर कॅनडाने मोजलं आणि आकडा लिहिला. आता यातली मजा बघा: प्रयोगात लांब दाढीवालेही पास झाले होते, तरी नियमात साडेबारा मिलिमीटरच आलं. म्हणजे तिथेही थोडा भाग सुरक्षेचा आणि थोडा दिसण्याचा आहे. पण निदान तीन मिलिमीटरवाल्याला कोणी घरी पाठवत नाही.

नांदेडचा_अमोल

सरदारजींचा विषय निघाला आणि नांदेडकर गप्प बसला असं होणार नाही. हुजूर साहिबच्या गल्लीत वाढलोय, शाळेत अर्धा वर्ग पटकेवाला होता.

दाढी-पगडी आणि विमान हे नातं फार जुनं आहे. पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये लढाऊ विमान उडवत होते, पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण घालून. दुसऱ्या महायुद्धात महिंदर सिंग पुज्जी पगडी घालूनच उडायचे. मार्शल अर्जन सिंग १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते, त्यांचा दाढीतला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. नॅट हे लढाऊ विमान, त्यात मास्क लावूनच उडतात. दाढी आड आली नाही.

मारुत_नाशिक

अमोल, सेखोंसाहेबांचं नाव घेतलंस, बरं वाटलं. यावर वाद घालणार नाही. शीख वैमानिकांचे मास्क आम्ही जास्त वेळ घेऊन बसवायचो, पट्टे त्यांच्या चेहऱ्याप्रमाणे लावायचो, गळती तपासायचो. लढाऊ विमानात प्रत्येकाचा मास्क त्याच्या मापाचा असतो. प्रवासी विमानात मात्र एकच मास्क सकाळी एक जण वापरतो, संध्याकाळी दुसरा. हा फरक लक्षात घ्या.

ऍड_विदर्भ

कायद्याची बाजू मांडतो, थोडं लांबेल.

हवाई दलातल्या दाढीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल लागला. एका मुस्लिम जवानाला धार्मिक कारणासाठी दाढी ठेवायची होती. ज्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे त्यांना हवाई दलाच्या नियमावलीत सूट आहे, पण अर्जदाराच्या बाबतीत तशी मनाई सिद्ध झाली नाही, म्हणून सूट मिळाली नाही. सशस्त्र दलात एकसारखेपणा आणि शिस्त यांना वेगळं महत्त्व आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण तो सशस्त्र दलाचा निकाल आहे. खासगी विमान कंपनी म्हणजे सैन्य नव्हे, तो निकाल उचलून तिथे लावता येत नाही.

पण खासगी कंपनीविरुद्ध दाद मागणंही सोपं नाही. समानतेचा मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिचे कर्मचारी थेट उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगाची याचिका, करत. २०२२ च्या जानेवारीत ती टाटांकडे गेली. सरकारी काळातल्या तक्रारीसुद्धा आता तिच्याविरुद्ध रिटने चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं. तेव्हा ताई, तुमच्या भाच्याने ‘समानतेचा भंग’ म्हणून भांडण्यापेक्षा वैद्यकीय कारणावर भर द्यावा. डॉक्टरांचा दाखला, लेखी अर्ज आणि लेखी उत्तराची मागणी. तोंडी काहीही नको.

सुमेधा_के

>> तोंडी काहीही नको

वकीलसाहेब, धागा दाढीचा आहे, तोंडीच येणार सगळं :D

शुभदा_सांताक्रूझ

इथे सगळे दाढीवर बोलताहेत, म्हणून आमची बाजू मांडते. मी केबिन क्रूमध्ये होते, नव्वदच्या दशकातली एक खासगी कंपनी, आता बंद पडलेली.

आमच्याकडे ब्रीफिंगच्या खोलीत वजनकाटा असायचा. उड्डाणाच्या आधी सगळ्यांसमोर त्यावर चढायचं. काटा पाहणारी बाई आकडा मोठ्याने वाचायची आणि दुसरी वहीत लिहायची. मर्यादेच्या वर एक किलो गेलं तरी त्या दिवशी घरी, उड्डाण भत्ता बुडाला. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन वाढतं, हे कोणाला सांगायचं? मुली आदल्या रात्रीपासून पाणी प्यायच्या नाहीत, आणि मग विमानात चक्कर यायची. हे सगळं कशासाठी, तर म्हणे आपत्कालीन दारातून चपळाईने बाहेर पडता यावं म्हणून. मग चपळाईची परीक्षा घ्या की! दार उघडायला लावा, घसरगुंडीवरून उतरवा. ती परीक्षा आम्ही दर वर्षी देत होतोच, आणि पास होत होतो.

त्याच खोलीतून वैमानिक जायचे. पोट पट्ट्यावरून लोंबत असलं तरी त्यांना काट्यावर कोणी चढवलं नाही. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची, बंद खोलीत, डॉक्टरसमोर. माणसाला द्यायचा तो मान त्यांना मिळायचा.

लिपस्टिकच्या छटा ठरलेल्या, टाचेची उंची ठरलेली. नर्गिस मिर्झा यांचा खटला आम्हाला सीनियर सांगायच्या. त्यावर वकीलसाहेबांनी लिहावं.

ऍड_विदर्भ

शुभदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून जरा वेळ थांबलो.

एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा, १९८१. तेव्हा एअर इंडियाच्या हवाई सुंदरीची नोकरी तीन प्रकारे संपायची: वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात. यातलं जे आधी होईल ते. ३५ नंतर मुदतवाढ मिळायची, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर, म्हणजे केबिनमधले पुरुष कर्मचारी, ५८ पर्यंत नोकरी करत.

न्यायालयाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं, फार कडक शब्दांत. संचालकांच्या मर्जीचं कलमही रद्द केलं. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. आणि पुरुष पर्सर व हवाई सुंदरी यांचे संवर्गच वेगळे आहेत, म्हणून तुलना होऊ शकत नाही, असं म्हटलं. हा भाग मला आजही पटत नाही. आधी कंपनीने कामाचे दोन गट पाडायचे, मग गट वेगळे आहेत म्हणून वेगळी वागणूक योग्य ठरवायची.

वजनाचं म्हणाल तर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वजनाचा नियम ग्राह्य धरला, आणि पुढच्या जानेवारीत एअर इंडियाने जास्त वजनाच्या कारणावरून काही जणींना कामावरून कमी केलं.

डॅलसकर

शुभदाताईंच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सविरुद्ध असाच खटला झाला होता. तिथे पुरुषांची वजनमर्यादा मोठ्या बांध्याच्या माणसाच्या तक्त्यावरून आणि बायकांची मध्यम बांध्याच्या तक्त्यावरून ठरवलेली होती. २००० साली अपील न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. दोघांना मर्यादा आहे, पण एकाला सैल आणि एकीला आवळ, ही समानता नव्हे.

वैशालीताई, तुमच्या भाच्याला जो त्रास आहे तो इथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर असतो. डॉमिनोज पिझ्झाच्या एका फ्रँचायझीविरुद्ध याच कारणावरून खटला झाला. सरसकट ‘दाढी नको’ या नियमाचा फटका एकाच वंशाच्या लोकांना जास्त बसतो, आणि गिऱ्हाइकांना दाढी आवडत नाही हे कारण पुरेसं नाही, असं न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं. स्पष्टवक्ता, तुमच्या आईंच्या मुद्द्याचं उत्तर यात आहे.

पण त्याच वर्षी अटलांटाच्या अग्निशामक दलाचा निकाल उलटा लागला. त्यांच्या श्वसन मास्कला गुळगुळीत चेहरा लागतो, आणि तिथे सुरक्षेचं कारण न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे पिझ्झा पोचवणारा आणि आग विझवणारा यांच्यात फरक केला, आणि मला तो योग्य वाटतो. वैमानिक या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. इथल्या मोठ्या कंपन्या, डेल्टा, अमेरिकन, युनायटेड, अजून वैमानिकांना दाढी ठेवू देत नाहीत. पार्सल पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीने मात्र दाढी-केसांच्या नियमावरून धार्मिक भेदभावाच्या तक्रारीत २०१८ मध्ये ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी दाढीचा नियम सैल केला.

स्पष्टवक्ता

डॅलसकर, पिझ्झाची आणि विमानाची बरोबरी मला मान्य नाही. पिझ्झा गार झाला तर परत मागवता येतो.

शुभदाताईंच्या वजनकाट्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. सगळ्यांसमोर आकडा वाचणं हा निव्वळ अपमान आहे. त्याला शिस्त म्हणत नाहीत.

मेघना_वास्को

आमच्या वास्कोत नौदलाचे दाढीवाले अधिकारी बाजारात रोज दिसतात. नौदलात परवानगी घेऊन दाढी वाढवता येते, पूर्ण दाढी-मिशी, व्यवस्थित कापलेली. त्यांच्याकडे शिस्त कमी आहे असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? ब्रिटनच्या हवाई दलाने २०१९ मध्ये दाढीला परवानगी दिली, सैन्याने २०२४ मध्ये. जिथून हे गुळगुळीत गालांचं वेड आपल्याकडे आलं, तिथे ते संपत आलंय.

पेठकरी

अवांतर: वैमानिकाचा गणवेश नौदलासारखा का दिसतो? कोणाला माहीत आहे का?

डॅलसकर

पॅन ॲम या जुन्या अमेरिकन विमान कंपनीमुळे. १९३० च्या दशकात त्यांची समुद्रावर उतरणारी विमानं होती, लोक विमानात बसायला घाबरत, म्हणून वैमानिकांना जहाजाच्या कप्तानासारखे कपडे दिले. बाह्यांवरच्या पट्ट्या, टोपी, ‘कॅप्टन’ हा हुद्दा, सगळं जहाजावरून आलं.

शुभदा_सांताक्रूझ

आणि तो गणवेश पुरुषाच्या मापाने शिवला गेला. १९८५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला फक्त महिला कर्मचारी असलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान नेलं, फॉकर फ्रेंडशिप. सोबत निवेदिता भसीन. मराठी नाव म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. आज आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात ते साधारण ५ टक्क्यांच्या आसपास. इतक्या बायका कॉकपिटमध्ये बसताहेत, तर निदान त्यांच्या मापाचा शर्ट आणि गरोदरपणातला गणवेश यावर नियमावलीत दोन ओळी हव्यात. माझी पुतणी सध्या दोन नंबर मोठी पुरुषी पॅन्ट आल्टर करून घालते.

सुमेधा_के

शुभदाताई +१. बाहेर मात्र गोष्टी बदलताहेत. व्हर्जिन अटलांटिकने २०१९ मध्ये मेकअपची सक्ती काढली. एअर न्यूझीलंडने त्याच वर्षी दिसणाऱ्या टॅटूंना परवानगी दिली, कारण माओरी लोकांसाठी ते वंशपरंपरेचं चिन्ह आहे. ब्रिटिश एअरवेजने २०२२ मध्ये पुरुषांनाही नेलपॉलिश आणि अंबाडा चालेल म्हटलं. आपल्याकडेही २०२२ मध्येच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तृतीयपंथी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तिथे दिसण्याच्या पलीकडे जाऊन ‘हा माणूस विमान उडवायला सक्षम आहे का’ एवढंच विचारायचं ठरलं. दाढीच्या बाबतीत हेच का नाही विचारत?

स्पष्टवक्ता

अंबाडा घातलेला पुरुष वैमानिक माझ्या आईला दाखवू नका, एवढी विनंती.

नांदेडचा_अमोल

स्पष्टवक्ता, तुमच्या आईंना एकदा नांदेडला पाठवा. पगडीखाली अंबाडाच असतो :)

स्पष्टवक्ता

अमोल, हे आवडलं. आईला वाचून दाखवलं, हसली.

धावपट्टी_०९

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. गोंदियाला प्रशिक्षण घेतलं, आता एअरबसवर को-पायलट आहे. मूळ प्रश्नावर कोणी रोजच्या कामातलं सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

मास्क सीटच्या बाजूच्या डब्यात असतो. दर उड्डाणाआधी तपासतो: बटण दाबून ऑक्सिजनचा फसफस आवाज ऐकायचा, प्रवाहाचा दर्शक हलतो का बघायचं, मायक्रोफोनमधून आवाज स्पीकरवर येतो का बघायचं. बटणाची खूण १०० टक्क्यांवर. वापरायचा झाला की दोन्ही लाल चिमटे दाबत मास्क बाहेर ओढायचा, पट्टा हवेने टरारून फुगतो, डोक्यावरून सरकवायचा आणि चिमटे सोडायचे. सोडल्याबरोबर तो डोकं असं आवळतो की डोळ्यांत पाणी येतं. चष्मा असेल तर तोही सांभाळून हे करावं लागतं, आणि चष्म्याला तर परवानगी आहे.

सिम्युलेटरमध्ये हे वारंवार करून घेतात. माझ्या बॅचला एक शीख मुलगा होता. आम्हा सगळ्यांच्या शेजारी बसून त्याने तोच सराव केला, त्याच वेळेत मास्क लावला, तसंच बोलला. प्रशिक्षकांनी त्याला कधी वेगळी अडचण सांगितली नाही.

आणि मास्कच्या बाबतीत खरी भीती कशाची आहे ते सांगतो. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ विमान ग्रीसमध्ये पडलं, विमानातले १२१ च्या १२१ गेले. दाब नियंत्रणाचं बटण चुकीच्या जागी राहिलं होतं, धोक्याचा भोंगा वाजला, आणि वैमानिकांना तो दुसऱ्याच कशाचा वाटला. त्यांनी मास्क लावलाच नाही. गाल गुळगुळीत असून काय उपयोग? मास्कबद्दल सुरक्षेची काळजी असेल तर भोंगा ओळखण्याच्या सरावाला वेळ द्या. दाढीचे मिलिमीटर मोजणारे वरिष्ठ त्या सरावाचा एक तास वाढवून द्यायला तयार नसतात, तेव्हा मला राग येतो.

अजून एक. सोललेल्या मानेवर सकाळी साडेचारला घट्ट कॉलर आणि टाय लावून चार लँडिंग करणं याचाही कामावर परिणाम होतो. थकव्याबद्दल आम्ही तक्रार करू शकतो, दुखण्याबद्दल लाजतो.

मारुत_नाशिक

धावपट्टी, उत्तम प्रतिसाद. हेलिओसचं उदाहरण अगदी योग्य ठिकाणी दिलंत. गळतीबद्दलची माझी काळजी कायम आहे, पण ती मोजता येण्यासारखी आहे. मास्क लावून, ऑक्सिजन चालू करून, कडेने किती गळतो हे पाहायला अर्धा तास पुरतो. तीन मिलिमीटर दाढीवर ती चाचणी घ्यायला कोणत्याही कंपनीला अवघड नाही. नापास झाला तर त्यानेही निमूट ब्लेड हातात घ्यावं. पण चाचणीच न घेता सुरक्षेचं नाव घेऊ नये, हे मी माझ्या खात्यातल्या साहेबांनाही सांगितलं असतं.

वैशाली_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा दाखवला. शुभदाताईंचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. म्हणाला, मावशी, ब्रीफिंगला माझ्याबरोबरच्या मुलींना काय काय ऐकावं लागतं ते मी रोज बघतो आणि माझ्या मानेचंच घेऊन बसलोय. मी म्हटलं, दोन्ही लिही.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: डॉक्टरांच्या दाखल्यावर तीन मिलिमीटरपर्यंत दाढीची सूट, सूट देण्याआधी मारुतकाका म्हणतात तशी मास्कची चाचणी, आणि नाकारल्यास कारण लेखी. चौथा मुद्दा त्याने स्वतः घातला आहे, महिला वैमानिकांच्या मापाच्या गणवेशाचा. अर्ज वैद्यकीय विभागाकडे आणि उड्डाण सुरक्षा विभागाकडे, दोन्हीकडे जाणार आहे.

मारुतकाका, चाचणी नेमकी कशी घ्यावी, काय मोजावं, हे मुद्देसूद लिहून द्याल का? अर्जाला जोडायचं आहे.

मारुत_नाशिक

आज रात्री लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मास्क कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा आहे ते भाच्याला विचारून कळवा, म्हणजे त्याप्रमाणे लिहितो.

ऍड_विदर्भ

अर्ज पाठवण्याआधी मलाही एकदा दाखवा. चौथा मुद्दा वेगळ्या अर्जात घाला, त्यावर निदान दोन-तीन महिला वैमानिकांच्या सह्या असू द्या. शुभदाताई, पुतणीला विचाराल का?

शुभदा_सांताक्रूझ

विचारलं. ती तयार आहे, अजून दोघींशी बोलते म्हणाली.